पाणी कुणी भरलं?

आमच्या स्टाफरूममध्ये कुणी काही वाचून आलं आणि मोठ्या हौसेनं सांगायला लागलं, की सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि एवढंच विचारायचे, "पाणी कुणी भरलं?"

सर रसायनशास्त्राचे. विहिरीच्या, बोअरच्या, नळाच्या पाण्याचे नमुने तपासण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे हा प्रश्न मुळात पाण्यापुरताच होता. बाटलीत पाणी कुणी भरलं, कुठून भरलं, भरताना बाटली आधी विसळली का, हे कळल्याशिवाय ते मोजायला घ्यायचे नाहीत. पण पुढे पुढे हा प्रश्न सगळ्यालाच लागू झाला. एकदा आमच्या प्राचार्यांनी वर्तमानपत्रातलं कात्रण आणलं. रोज गुळाचा खडा खाल्ला की रक्तदाब उतरतो, असं परदेशात सिद्ध झालं होतं. सरांनी विचारलं, पाणी कुणी भरलं? प्राचार्य म्हणाले, अहो, यात पाणी कुठं आलं. मग सरांनी अर्धा तास समजावून सांगितलं, की त्या लोकांना गूळ कुणी दिला, किती दिला, त्यांनी तो खरंच खाल्ला का खिशात घालून नातवाला दिला, हे त्या कात्रणात कुठंच नाही. प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून गूळ सुरू केला. पुतणीसाठी आलेल्या एका मुलाचा बायोडाटा बघूनही सरांनी हेच विचारलं होतं म्हणतात. ते लग्न झालं नाही.

नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, जिथं टँकरची वेळ लोकांना एसटीच्या वेळेपेक्षा चांगली पाठ असते, अशा एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज. मी आधी तिथं सरांचा विद्यार्थी होतो आणि मग त्यांच्याच विभागात लागलो. त्यामुळे सर मला चारचौघांत 'तुम्ही' म्हणायचे आणि प्रयोगशाळेचं दार लोटलं की 'तू'. स्वतःच्या पिण्याच्या बाटलीवरही ते चिठ्ठी चिकटवायचे. तारीख, वेळ, कुठला नळ, आणि शेवटी 'भरणार: स्वतः'. लग्नकार्यात पंगतीला बसले तरी ती बाटली शेजारी. वाढपी तांब्या घेऊन आला की ते त्याच्याकडे असे बघायचे, की तो न वाढताच पुढे सरकायचा.

शोधनिबंध वाचायची त्यांची पद्धतही उलटी होती. आपण सगळे आधी शीर्षक बघतो, मग लेखकांत आपलं नाव कितवं आहे ते बघतो, मग निष्कर्ष वाचतो आणि फाइलला लावतो. सर मधूनच सुरुवात करायचे. काय वापरलं, किती वापरलं, किती वेळ ढवळलं, एवढंच वाचायचे आणि तो प्रयोग स्वतः करून बघायचे. त्यासाठी त्यांनी एक जाड रजिस्टर केलं होतं. डावीकडे निबंधाचं नाव, उजवीकडे निकाल. निकाल तीनच प्रकारचे: झालं, झालं नाही, कळलं नाही. छापून आलेली जगभरची रसायनं, थोडं भौतिक, थोडं वैद्यक, सगळं या तीन शब्दांत बसवलेलं होतं. 'कळलं नाही'ची संख्या सगळ्यात जास्त, आणि सरांना तिचाच सगळ्यात जास्त अभिमान.

कांद्याच्या रसाने रक्तातली साखर उतरते, असा एक निबंध त्यांच्या हाती लागला. सरांना शुगर होतीच. आपल्याकडे कांद्याला काय तोटा. महिनाभर रोज सकाळी दहा वाजता त्यांनी पेलाभर रस प्यायला, बोटाला सुई टोचून साखर मोजली आणि मग आमच्याशी गप्पा मारायला येऊन बसले. त्या महिन्यात आमच्या स्टाफरूमच्या खिडक्या पहिल्यांदा पूर्ण उघडल्या गेल्या. साखर उतरली, हे खरं. पण सरांनी निकाल लिहिला 'कळलं नाही', आणि खाली बारीक अक्षरात कारण: 'याच महिन्यात पत्नी माहेरी असल्यामुळे जेवण कमी.'

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रजेवर असताना एकदा लंबकाचं प्रॅक्टिकल सरांकडे आलं. दोरीला गोळा बांधायचा, झोके मोजायचे आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. सगळ्या वर्गाचं उत्तर पुस्तकातल्यासारखं तंतोतंत आलं. एका मुलीचं मात्र बरंच कमी आलं आणि ती रडकुंडीला आली. सरांनी तिला पैकीच्या पैकी दिले आणि बाकीच्यांना शून्य. पालक भांडायला आले तेव्हा सर त्यांना शांतपणे म्हणाले, की त्या पंख्याखाली, त्या जुन्या दोरीवर, त्या घड्याळानं इतकं बरोबर उत्तर येऊच शकत नाही, ती मुलगी एकटीच खरं मोजत होती. पालकांचं समाधान झालं नाही. प्राचार्यांनी गुण परत वाटून दिले.

अशा माणसाच्या नावावर स्वतःचा एकही शोधनिबंध नव्हता, हे वेगळं सांगायला नको. निबंध नाही म्हणून बढती नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेले त्यांच्या पुढे गेले आणि त्यांच्याच रजेच्या अर्जांवर सह्या करू लागले. सरांना त्याचं काही वाटत नसे, असं आम्ही सगळे म्हणायचो. म्हणायला सोयीचं होतं ते.

मला मात्र वाटत होतं. मला बढती हवी होती आणि त्यासाठी एक निबंध कमी पडत होता. कॉलेजच्या मैदानावर चिंचेची झाडं आहेत. चिंचेची टरफलं जाळून केलेल्या कोळशानं पाण्यातलं फ्लोराइड शोषून घेतलं जातं, असं मी दाखवायचं ठरवलं. फ्लोराइड म्हणजे दात तपकिरी करणारं आणि पुढे हाडं आखडवणारं, जमिनीतून पाण्यात उतरणारं द्रव्य. खर्ड्याच्या वाटेवरच्या एका गावात ते विहिरीला भरपूर होतं. किती, ते एका जुन्या सरकारी अहवालात छापलेलंच होतं. आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणतं, त्यांची बहीण त्याच गावात दिलेली. मामा रविवारी बहिणीकडे गेले आणि येताना कॅन भरून घेऊन आले. मी त्या पाण्यात कोळशाची पूड ढवळली, गाळलं, मोजलं. फ्लोराइड जवळजवळ नाहीसं झालं होतं. ढवळण्याआधीचा आकडा मी मोजला नाही. तो अहवालात होताच, मग परत कशाला यंत्राला त्रास द्यायचा.

निबंध दहा दिवसांत छापून आला. नियतकालिक आंतरराष्ट्रीय होतं, म्हणजे नेमकं कुठलं ते मला अजून कळलेलं नाही. परीक्षकांनी एकच दुरुस्ती सुचवली होती, शीर्षक ठळक करा. मग स्थानिक वर्तमानपत्रात माझा फोटो आला, चिंचेच्या झाडाखाली. त्या गावच्या सरपंचांनी तो वाचला आणि ते हौशी निघाले. नागापूरच्या एमआयडीसीतून त्यांनी स्टीलचा मोठा ड्रम करून आणला, त्यात चिंचेचा कोळसा भरला आणि तो शाळेच्या ओट्यावर बसवला. आतापर्यंत शाळेत गावातल्या फिल्टर प्लांटचे जार यायचे, ते बंद केले. विहिरीचं पाणी ड्रममधून, ड्रममधून मुलांच्या पोटात. उद्घाटनाची फीत मी कापली. भाषणात मी विज्ञान तळागाळात नेण्याबद्दल बोललो. व्यासपीठावर आम्हा पाहुण्यांपुढे पाण्याच्या सीलबंद बाटल्या ठेवल्या होत्या. मी त्यातलंच पाणी प्यायलो, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी मी सरांना निबंधाची प्रत दिली. मंगळवारी त्यांनी प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं.

"पाणी कुणी भरलं?"

"मामांनी आणलं, सर."

"आणलं कुणी, ते नाही विचारलं."

मामांना बोलावलं. मामा खाली बघत म्हणाले, की कॅन आणला त्यांनीच, पण भरला अक्कानं, ते तवर चहा पीत होते. येत्या रविवारची पहाटेची एसटी किती वाजता आहे, एवढं सरांनी विचारलं.

आम्ही दोघं गेलो. मामांची बहीण, म्हणजे अक्का, पासष्टीच्या. घर शाळेला लागूनच. गुडघ्यांवर हात रोवून, भिंतीचा आधार घेत त्या उठल्या. हसल्या तेव्हा दातांवरच्या तपकिरी रेघा दिसल्या. आम्ही कशासाठी आलोय हे ऐकून त्यांना कौतुकच वाटलं. पाणी त्यांनीच भरलं होतं आणि चांगलं भरलं होतं, कॅन आधी राखेनं घासून.

"विहिरीतनं शेंदलं का?" सरांनी विचारलं.

"छ्या. हिरीचं मचूळ पानी कालेजातल्या मानसाला कसं द्यायचं? आमच्या जारमदलं दिलं, फिल्टरचं. भाऊ म्हनला सायबांना पायजेल. मंग चांगलंच दिलं पायजे की न्हाई?"

पाण्यातलं फ्लोराइड फिल्टर प्लांटनंच काढलेलं होतं. माझ्या चिंचेनं काहीच केलं नव्हतं. पाहुण्याला वाईट पाणी द्यायचं नाही, एवढं त्या बाईला कळत होतं, आणि ढवळण्याआधी एकदा मोजायचं असतं, एवढं मला कळलं नव्हतं. सरांनी झोळीतून दोन बाटल्या काढल्या. एक विहिरीवर स्वतः शेंदून भरली, दुसरी शाळेच्या ड्रमच्या तोटीखाली. दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या. अक्का हे सगळं दारात उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी एकच विचारलं, पोरं जे पितात ते बरं आहे ना. सर म्हणाले, उद्या सांगतो.

सोमवारी त्यांनी माझ्यासमोर दोन्ही बाटल्या मोजल्या. विहिरीचा आणि ड्रमचा आकडा सारखाच आला.

"निबंध मागे घे," सर म्हणाले. "आणि सरपंचांना आजच फोन कर."

माझी मुलाखत वीस दिवसांवर आली होती. मी म्हणालो, मुलाखत झाली की लगेच दोन्ही करतो. सरपंच तसा माणूस चांगला, पण वर्तमानपत्रात बातमी देण्याची त्याची सवय मला माहीत होती.

"वीस दिवस मुलं काय पितील?"

वीस दिवसांनी असं काय होतंय, वर्षानुवर्षं गाव तेच पीत आलंय, असं काहीतरी मी पुटपुटलो. ते खोटंही नव्हतं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे बघितलं, पण या वेळी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

गुरुवारी सर कॉलेजात आले नाहीत. शुक्रवारी प्राचार्य तणतणत स्टाफरूममध्ये आले. त्या सरपंचांचा फोन होता. सर काल गावात गेले होते. शाळेत जाऊन त्यांनी ड्रमची तोटी बंद करायला लावली होती, आणि सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की पाणी तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं, मोजणीत त्यांची चूक झाली आणि हा ड्रम निरुपयोगी आहे. सरपंच म्हणत होते, म्हाताऱ्याला मोजता येत नसेल तर कॉलेजनं त्याला यंत्राला हात कशाला लावू दिला. प्राचार्यांनी सरांकडून लेखी खुलासा मागितला. सरांनी तो लगेच दिला, चार ओळींचा. ज्या माणसाने बायको माहेरी असल्याचीसुद्धा नोंद ठेवली, त्याने जन्मात पहिल्यांदा कागदावर धडधडीत खोटं लिहिलं होतं. 'मोजणीतील चूक माझी.'

मी तिथंच बसलो होतो. माझ्या हातात चहा होता. प्राचार्य मला म्हणाले, बघा, तुमच्या चांगल्या कामाला यांनी गालबोट लावलं. मी चहाचा घोट घेतला.

दुपारी प्रयोगशाळेत मी सरांना विचारलं, तुम्ही असं का सांगितलंत. त्यांनी ब्युरेटची नळी धुता धुता उत्तर दिलं, अगदी ओझरतं. दुसऱ्याची चूक सांगायला गेलो असतो तर गाव पुरावा मागत बसलं असतं, स्वतःची सांगितली तर लगेच ऐकतात. ड्रम बंद व्हायला हवा होता, तो झाला. जार परत सुरू झाले. माझी लाज त्यांना झाकायची होती असं मला वाटलं होतं, पण तसं काही ते बोलले नाहीत. त्यांना फक्त तोटी बंद करायची होती.

मुलाखत छान झाली. समितीच्या अध्यक्षांनी माझ्या निबंधाचं शीर्षक मोठ्यानं वाचलं आणि मान डोलावली. स्थानिक साधनसामग्री, ग्रामीण प्रश्न, असे शब्द इकडून तिकडे गेले. मी खरं सांगतो, मी उत्तर तयार करून गेलो होतो. पाणी कुणी भरलं असं कुणी विचारलं असतं तर मी सगळं सांगून टाकणार होतो. कुणी विचारलं नाही. मी पेढे घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी शुगरमुळे अर्धाच पेढा घेतला आणि विचारलं, "कुणी विचारलं का?"

"नाही, सर."

त्यांचा चेहरा एवढा उतरला, की मला वाटलं माझी बढतीच रद्द झाली.

निबंध मी तेव्हाही मागे घेणार होतो. पण नवा पगार सुरू व्हायचा होता, मग विद्यापीठाची तपासणी समिती यायची होती, मग कॉलेजच्या अहवालात त्या निबंधाला चौकट मिळाली होती. ड्रम तर बंदच आहे, आता घाई कसली, असं मी स्वतःला सांगत होतो. असं दीड वर्ष गेलं आणि सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ, भाषणं. प्राचार्य म्हणाले, सरांनी अध्यापनाबरोबर संशोधनातही थोडा रस घेतला असता तर कॉलेजचं नाव झालं असतं. सर टाळ्या वाजवत होते. समारंभानंतर त्यांनी मला ते जाड रजिस्टर दिलं. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत डावीकडे माझ्या निबंधाचं नाव होतं. उजवीकडची जागा रिकामी होती.

"ही एवढी तू भर," ते म्हणाले आणि शाल सावरत रिक्षात बसले. हल्ली ते पुणतांब्याला भावाकडे असतात आणि गोदावरीचं पाणी मोजतात, कुणी सांगितलेलं नसताना.

ते रजिस्टर मी कपाटात ठेवलं. कपाट उघडलं की ते दिसायचं, म्हणून मी दुसरं कपाट वापरू लागलो. शेवटी एकदा बसून मी त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. नमुना चुकीचा होता, आधीची मोजणी केलेली नव्हती, निबंध मागे घ्यावा. दोन दिवसांत उत्तर आलं. त्यात माझ्या पत्राबद्दल आभार होते, मागे घेण्याबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि माझी विज्ञाननिष्ठा पाहून मला त्यांच्या संपादक मंडळावर येण्याचं निमंत्रण होतं. मी परत लिहिलं. परत निमंत्रण आलं. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, कॉलेजचे शिक्के बदलले. माझा निबंध होता तिथंच आहे. मध्यंतरी कुठल्याशा लांबच्या राज्यातल्या कुणीतरी त्याचा आधार घेऊन बाभळीच्या शेंगांवर निबंध लिहिलाय. त्यानं बहुधा निष्कर्षच वाचला असावा.

मग एका रविवारी मी पहाटेची एसटी धरली. झोळीत एक कोरी बाटली आणि चिठ्ठी घेतली. सरपंच घरी होते. त्यांच्यासमोर, शाळेच्या मास्तरांसमोर मी सगळं सांगितलं. नमुना माझा, निबंध माझा, चूक माझी, सरांचा मोजणीशी काही संबंध नव्हता. सरपंच म्हणाले, झालं गेलं जाऊ द्या, आणि मोबाईल बघू लागले. मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच सोपं गेलं. ड्रम ओट्यावर पालथा घातलेला होता, त्यावर कुणीतरी शेंगा वाळत टाकल्या होत्या.

विहिरीवर जाऊन मी स्वतः पोहरा सोडला, बाटली तीनदा विसळली आणि भरली. चिठ्ठीवर तारीख, वेळ, विहीर लिहिली आणि 'भरणार' पुढे माझं नाव. त्या अक्षरांकडे बघून मला उगाच भरून आलं. माझा जीव भांड्यात पडला होता. अक्का ओसरीत बसल्या होत्या. त्यांनाही एकदा सांगून टाकावं म्हणून मी गेलो. सर म्हणाले होते ते खरं नव्हतं, चूक माझी होती, असं मी म्हणालो. त्या शेंगा सोलत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही.

"ठावं हाय की. पानी मी भरल्यालं, तुमच्यासाटी. तुमी दोगं इथंच बसला हुता, तवाच समदं कळलं. ते सर शाळंत येऊन चूक माजी म्हनले, तवा मी बोलनार हुते. पर त्यांनी माज्याकडं बगितलं अन् नगं म्हनून मान हलवली. मंग मी गप बसले."

"गावात कुणाला सांगितलं नाहीत?"

"ते गेल्यावर समद्यांना सांगितलं. आमी वाट बगत हुतो, तुमी कवा येताय. दोन वर्सं झाली."

सरपंचांसमोर इतकं सोपं का गेलं, ते मला तेव्हा कळलं. मी उठायला लागलो. अक्कांनी थांबा म्हटलं, भिंतीचा आधार घेत उठल्या, आत गेल्या. आत कोपऱ्यात फिल्टरचा निळा जार होता, मला ओसरीतून दिसत होता. त्या जार ओलांडून पुढे गेल्या, पाठमोऱ्या वाकल्या, आणि भरलेला पेला आणून माझ्या हातात दिला.

"घ्या. ह्या टायमाला हिरीचंच हाय," त्या म्हणाल्या. "मी सोता भरलंय."

पाणी मचूळ होतं. मी पेला तळापर्यंत रिकामा केला.